वयस्कर पेशंट सेप्सिसमध्ये जात असेल तर: नव्या स्टाफ नर्ससाठी पायरीपायरीने

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग संपवून नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयात नुकतेच लागलेले जे सिस्टर-ब्रदर असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुस्तकातला सेप्सिस ठरलेला असतो: थंडी वाजून ताप, नाडी १३०, पडलेलं बीपी. वय झालेल्या पेशंटमध्ये यातलं काहीच नसू शकतं. ताप येत नाही, नाडी वाढत नाही, बीपी कागदावर नॉर्मल दिसतं. आणि उशाशी बसलेली सून सांगते, "काल बोलून राहिले होते जी, आज आवाज देला तं नुसतं हूं करते." चार्टवरच्या कुठल्याही आकड्याआधी या वाक्याची नोंद घ्या.

सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नाही. २०१६ साली ठरलेली व्याख्या अशी, की इन्फेक्शनला शरीर जो प्रतिसाद देतं तोच बेताल होतो आणि त्यात अवयव बिघडायला लागतात. म्हणजे लघवी कमी होणं, गुंगी, धाप, गार पडलेले पाय ही सगळी अवयवांची लक्षणं आहेत. ती बघायला आपण चोवीस तास वॉर्डात असतो, डॉक्टर राउंडपुरते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: औषधांच्या ऑर्डर डॉक्टरांच्या, आणि तुमच्या रुग्णालयाचा लेखी प्रोटोकॉल असेल तर इथे लिहिलेल्यापेक्षा त्याचा मान मोठा.

सोयीसाठी एक पेशंट डोळ्यासमोर ठेवू. काटोलकडचे आजोबा, वय ७६, वजन ५६ किलो. मधुमेह आणि बीपी आहे, मेटोप्रोलॉल (बीपीची, नाडीही मंद ठेवणारी गोळी) चालू आहे. प्रोस्टेटमुळे काही आठवड्यांपासून कॅथेटर. 'अशक्तपणा, जेवण कमी' एवढ्यावर दोन दिवसांपूर्वी जनरल वॉर्डात दाखल झालेत.

पहिली पायरी: ओव्हर घेताना 'कालचा माणूस' विचारा

ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट ताब्यात घेताना, 'पेशंट स्टेबल' एवढ्यावर पुढच्या बेडकडे जाऊ नका. काल स्वतः उठून बसत होते का? चहा मागत होते का? नातवाला नावाने हाक मारत होते का? घरी बीपी किती असायचं? जुनं प्रिस्क्रिप्शन पिशवीत असतंच, ते काढायला लावा. आपल्या आजोबांचं घरचं बीपी १५०च्या आसपास. मग आज १०६ आलं, तर कागदावर ते नॉर्मल असलं तरी त्यांच्यासाठी ते पडलेलं आहे. वरचं बीपी नेहमीपेक्षा ४० ने खाली आलं की मी ते लो बीपीच धरते.

घरचे बरेचदा 'वय झालं, असंच असते' म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. वयाने माणूस एका रात्रीत गप्प होत नाही. अचानक गप्प होणं, अचानक बरळणं, अंथरुणात लघवी होणं, बाथरूममध्ये पडणं, घास तोंडात धरून बसणं, यातलं काहीही कालपासून नवीन असेल तर ते लक्षण आहे.

छिंदवाडा, सिवनी, बालाघाटकडचे पेशंट हिंदी बोलतात, गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेल्या एखाद्या आजींना गोंडीच येते. भाषा न कळल्यामुळे 'पेशंट कन्फ्यूज्ड' असा शेरा पडतो. सोबतच्या माणसाला मध्ये घ्या आणि त्याच्यामार्फत विचारा.

गोंधळ तपासायला तारीख-वार विचारण्यात फार अर्थ नाही; रिटायर झालेल्या माणसाला तारीख एरवीही आठवत नसते. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, किंवा मराठी महिने फाल्गुनापासून मागे. नागपूरच्याच आजोबांना मी विचारते, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय निघते?" 'मारबत' म्हणताना चेहरा खुलला, की निदान त्या घटकेला माणूस आपल्यात आहे. मात्र एकदा नीट उत्तर आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा हा गोंधळ, दिवसभरात चढतो-उतरतो, आणि आरडाओरडा करणाऱ्यापेक्षा शांत पडून राहिलेला पेशंट जास्त वेळा नजरेतून सुटतो.

दुसरी पायरी: श्वास स्वतः मोजा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा. कुठल्याही वॉर्डातले टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट उघडून बघा: श्वासाच्या रकान्यात १८, २०, १८, २० अशी रांग दिसेल. माणसं खरंच अशी एकसारखी श्वास घेत नसतात. बीपी मशीन दाखवतं, नाडी ऑक्सिमीटर दाखवतं, ताप थर्मामीटर दाखवतं. श्वास मात्र डोळ्यांनीच मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. आणि सेप्सिसमध्ये बहुतेकदा तोच आधी वाढतो.

नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर किंवा पोटावर. पेशंटला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांना चारने गुणू नका. चादर वर असेल तर खाली करा. श्वास २२ च्या वर असेल तर थोडं थांबून परत मोजा. २५ किंवा जास्त आला तर बाकीचे आकडे कितीही गोड असोत, फोन करायची वेळ झाली आहे.

तिसरी पायरी: बाकीचे आकडे, पण वय लक्षात ठेवून

ताप. वयस्कर माणसाचं अंग मुळातच थोडं गार असतं, त्यामुळे त्याचा ९९.५ हा तरुणाच्या १०१ इतका बोलका असू शकतो. उलट ९६.८ फॅरेनहाइटच्या खाली गेलेलं तापमान, तेही गारठा नसताना, तापापेक्षा वाईट. काखेत थर्मामीटर लावण्याआधी घाम पुसा आणि कूलरची हवा थेट अंगावर येत असेल तर दिशा बदला. दोन तासांपूर्वी पॅरासिटामॉल दिलंय का, तेही चार्टवर बघा.

नाडी. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर ती ८८-९० वरच अडून बसते. 'नाडी तर बरोबर आहे' असं म्हणण्याआधी औषधांची यादी वाचा.

सॅच्युरेशन. बोटं गार असतील तर प्रोब खोटं सांगतो. हात चोळून ऊब आणा, मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेलं बोट घ्या, कानाचा प्रोब असेल तर तो वापरा. स्क्रीनवर लाट नीट उमटत नसेल तर आकडा लिहू नका.

लघवी. कॅथेटर असेल तर दर तासाला, नसेल तर युरिनल किंवा बेडपॅन मोजून. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिली हा हिशेब. आपल्या आजोबांना तासाला निदान २८ मिली व्हायला हवी. युरोबॅग रिकामी दिसली तर आधी नळी कुठे दबली आहे का, पिशवी बेडच्या वर टांगली आहे का ते बघा. मावशींनी पिशवी रिकामी केली पण मोजली नाही, हे रोजचंच आहे. त्यांच्यावर चिडू नका. मोजायचा जार बेडखालीच ठेवा.

शुगर. गुंगीतल्या प्रत्येक वयस्कर पेशंटची शुगर आधी बघायची. जेवण बंद, किडनी मंदावलेली आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी मात्र चालूच, असं असेल तर शुगर ४० वर असू शकते आणि आपण मेंदूतलं इन्फेक्शन शोधत बसतो.

त्वचा. नखावर दहा सेकंद दाब देऊन सोडा. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी पडतोय. म्हाताऱ्या माणसात जरा जास्त लागू शकतात. म्हणून एकदा बघून सोडू नका, दर वेळी बघून लिहा. गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसली तर ती नक्की सांगा.

आता आपल्या आजोबांचे सकाळचे आकडे: श्वास २६, सॅच्युरेशन ९३ रूम एअरवर, बीपी १०६/५४, नाडी ८८, ताप ९७.२, आणि आवाज दिल्यावरच डोळे उघडतात. ताप नाही, नाडी बरी, बीपी 'चालतंय'. पण न्यूज-२ स्कोअर लावून बघा, म्हणजे या प्रत्येक आकड्याला ठरलेले गुण देऊन बेरीज करा. श्वासाचे ३, सॅच्युरेशनचे २, बीपीचा १, शुद्धीचे ३, नाडी आणि तापाचे शून्य. एकूण ९. पाच झाले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं आणि सात झाले की ती इमर्जन्सी. एकाच रकान्यात ३ पडले तरी डॉक्टरांनी येऊन बघायला हवं. पूर्वी क्विक सोफा नावाचा तीन प्रश्नांचा स्कोअर फार चालायचा. २०२१ च्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस' या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या मार्गदर्शक सूचनांनी फक्त त्याच्यावर विसंबू नका असं सांगितलंय. न्यूजचा तक्ता झेरॉक्स करून ड्रेसिंग ट्रॉलीला चिकटवून ठेवा.

चौथी पायरी: इन्फेक्शन कुठे आहे ते कपड्यांखाली शोधा

पडदा ओढा, डायपर उघडा, कुशीवर वळवा. माकडहाडाजवळ बेडसोअर आहे का? टाचा? मधुमेही पेशंटची पायाची बोटं वेगळी करून मधली जागा बघा. वास आला तर थांबून बघा. इंट्राकॅथची (शिरेत ठेवलेल्या सुईनळीची) जागा लाल, कडक आहे का, किती दिवसांची आहे? पित्ताशयाकडे पोट दुखतंय का? तोंडात पांढरे चट्टे, कफाचा रंग, जेवताना ठसका?

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट शोधायची: स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात याचे बरेच रुग्ण निघाले, तेव्हापासून तरी हे नाव वॉर्डात सगळ्यांना माहीत असायला हवं. शेतात, गवतात वावरलेला माणूस, ताप किंवा गुंगी, आणि काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा परकराची नाडी बसते तिथे बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. कपडे बदलताना तुम्हालाच दिसणार. दिसली तर लगेच सांगा, कारण नेहमीच्या अँटिबायोटिक्सचा त्यावर उपयोग होत नाही, डॉक्सीसायक्लिनसारखं औषध लागतं.

कॅथेटरच्या पिशवीतली लघवी गढूळ किंवा वासाची दिसली म्हणजे इन्फेक्शन सापडलं, असं मात्र नाही. जास्त दिवसांच्या कॅथेटरमध्ये जंतू जवळपास सगळ्यांच्याच लघवीत असतात. त्यावर थांबलात तर छातीतला न्यूमोनिया राहून जाईल. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवायचंच असेल तर पिशवीतून कधीच नाही. कॅथेटर जुना असेल तर डॉक्टरांना विचारून बदला आणि नव्यातून नमुना घ्या.

आणि उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात तर येणारा प्रत्येक दुसरा वयस्कर पेशंट 'ऊन लागलं' म्हणून येतो. खरंच उष्माघात असेल तर शरीराचं तापमान ४० सेल्सिअस, म्हणजे १०४ च्या वर आणि सोबत शुद्ध हरपलेली, अशी स्थिती असते आणि तातडीने थंड करणं हाच उपचार. पण दोन्ही एकत्रही असतात. रात्री उठावं लागू नये म्हणून आजी लोक पाणीच पीत नाहीत, त्यात लघवीचं इन्फेक्शन होतं, वरून उन्हाळा. थंड करायला सुरुवात करा, आणि कल्चर काढायचं का हेही त्याच वेळी विचारा.

पाचवी पायरी: फोन कसा करायचा

'सर, पेशंट बरा वाटत नाहीये' असं सांगितलं, की पलीकडून 'बघतो' येतं आणि अर्धा तास जातो. असं बोला:

"सर, मेल मेडिसिन, बेड १४. ७६ वर्षांचे, डायबेटिक, कॅथेटर आहे. काल बोलत होते, आज सकाळपासून गुंगीत. श्वास २६, सॅच्युरेशन ९३, बीपी १०६/५४, यांचं नेहमीचं १५० असतं. नाडी ८८, पण मेटोप्रोलॉलवर आहेत. सहा तासांत लघवी ९० मिली. ताप नाही, शुगर २१०. न्यूज ९. मला सेप्सिसची शंका आहे. तुम्ही आत्ता येऊन बघा. तोपर्यंत ऑक्सिजन लावते, दोन लाइन टाकते आणि कल्चर बॉटल काढून ठेवते. अजून काही?"

'सेप्सिस' हा शब्द नव्या मुलींच्या तोंडून निघत नाही. निदान करणं आपलं काम नाही, अशी भीती असते. शंका सांगणं म्हणजे निदान नव्हे. फोनवर ऑर्डर मिळाली तर तीच परत वाचून दाखवा. फोन केल्याची वेळ लिहा. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही तर इन्चार्ज सिस्टर, मग सीनियर रेसिडेंट, मग कन्सल्टंट, या क्रमाने वर जा. रात्री तीनला कन्सल्टंटला उठवलं म्हणून बोलणी बसतील कदाचित. बसू द्या.

सहावी पायरी: पहिला तास

केस पेपरवर मोठ्या अक्षरात वेळ लिहा. पुढचं सगळं त्या वेळेपासून मोजायचं. एकट्याने करू नका, एकजण लाइन आणि रक्त बघेल, दुसरा ऑक्सिजन, मॉनिटर आणि नोंदी.

ऑक्सिजन: साधारण ९४ च्या वर राहील इतका. मात्र जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजी किंवा बिडी ओढणारे आजोबा असतील, तर सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट धापेचा आजार) आहे का विचारा. त्यांना ८८ ते ९२ पुरे. डोकं ३० ते ४५ अंश वर, पण बीपी फारच पडलेलं असेल तर आधी सपाट.

लाइन: जाड इंट्राकॅथ, दोन्ही हातांना एक-एक. वयस्कर माणसाची शीर दिसते ठसठशीत आणि टोचली की सरकते, फुटते. कातडी खालच्या बाजूला ताणून धरा, कोन कमी ठेवा, टूर्निकेट हलकं बांधा. दोनदा जमलं नाही तर दुसऱ्याला द्या, हट्ट करू नका.

रक्त: सीबीसी, किडनी-लिव्हर फंक्शन, कोअ‍ॅग्युलेशन, लॅक्टेट (अवयवांना रक्तपुरवठा कमी पडला की वाढतं), आणि ब्लड कल्चर. कल्चरवर जरा थांबते, कारण इथे आपल्या हातावर सगळं अवलंबून आहे. दोन वेगवेगळ्या जागांवरून, नवीन टोचून. जुन्या इंट्राकॅथमधून नाही. क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने ३० सेकंद घासा आणि वाळू द्या. पुसल्यावर परत बोटाने शीर चाचपू नका. बॉटलचं झाकण काढलं म्हणजे वरचं रबर निर्जंतुक झालं असं नाही, तेही स्पिरिटने पुसा. प्रत्येक बॉटलमध्ये ८ ते १० मिली रक्त. दोन-तीन मिलीत भागवलं तर रिपोर्ट 'नो ग्रोथ' येतो आणि सगळ्यांची दिशाभूल होते. रक्त कमी निघालं तर आधी एरोबिक बॉटल भरा. लेबलवर वेळ आणि जागा, बारकोड झाकू नका. लॅबचा माणूस येईपर्यंत बॉटल बाहेरच ठेवा, फ्रिजमध्ये नाही. लॅक्टेटचा नमुना मात्र ताबडतोब पाठवा. पडून राहिला तर आकडा उगाच वाढतो. २ च्या वर काळजी, ४ च्या वर फार काळजी.

अँटिबायोटिक: कल्चर आधी, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवायचं नाही. शीरच मिळत नसेल आणि पाऊण तास होत आला, तर डॉक्टरांना सांगून औषध सुरू करा. पेशंट शॉकमध्ये असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर एका तासात पहिला डोस शिरेत गेला पाहिजे. ऑर्डर लिहिली गेली ती वेळ धरायची नाही, औषध शिरेत गेलं ती धरायची. इथे आपल्याकडचा खरा अडथळा वेगळाच असतो: चिठ्ठी लिहिली जाते, मुलगा खाली मेडिकलमध्ये जातो, तिथे रांग, मग एटीएम, मग सुट्टे. पहिला डोस वॉर्डाच्या इमर्जन्सी स्टॉकमधून द्या आणि नातेवाइकांनी आणलेला त्या जागी ठेवा. तुमच्या वॉर्डात असा स्टॉक नसेल तर शांत दिवशी इन्चार्जकडे विषय काढा. पेशंट बिघडल्यावर काढून उपयोग नाही.

देण्याआधी अ‍ॅलर्जी विचारा. दोन अँटिबायोटिक असतील तर लवकर देता येणारं आधी. व्हँकोमायसिन हळूच जातं, ग्रॅमला निदान तासभर, म्हणून ते मागून. सेफ्ट्रियाक्सोन चालू असताना त्याच लाइनमधून आरएल (रिंगर लॅक्टेट) सोडू नका, कॅल्शियममुळे कण तयार होतात.

सातवी पायरी: सलाइन देताना छातीकडे लक्ष

बीपी पडलं असेल किंवा लॅक्टेट ४ च्या वर असेल, तर पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली द्रव द्यायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. ५६ किलोला १,६८० मिली. पण ७६ वर्षांच्या हृदयाला हे एकदम सोसेलच असं नाही. बहुतेक डॉक्टर २५० मिलीचे टप्पे करून सांगतात: पंधरा मिनिटांत एक टप्पा, मग परत बघायचं. आरएलसारखा बॅलन्स्ड द्रव असेल तर तो नॉर्मल सलाइनपेक्षा बरा मानला जातो.

'परत बघायचं' म्हणजे नेमकं काय? प्रत्येक टप्प्यानंतर श्वास मोजा, सॅच्युरेशन बघा, पाठीच्या खालच्या बाजूला स्टेथो लावून बुडबुडे ऐकू येतात का ते ऐका, नखाचा रंग किती सेकंदांत परततो ते बघा, बीपी घ्या. नखाचा रंग लवकर परतायला लागला, आजोबा डोळे उघडून "पाणी" म्हणाले, की द्रव लागू पडतोय. श्वास २६ वरून ३२ झाला आणि खोकला सुरू झाला, तर थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. बाटली लावून दुसऱ्या पेशंटकडे निघून जाणं या वयात धोक्याचं आहे.

आठवी पायरी: नॉरअ‍ॅड

समजा दोन टप्प्यांनंतर बीपी ८४/४६ झालं. मीन, म्हणजे सरासरी बीपी, काढायचं: खालच्या बीपीची दुप्पट अधिक वरचं, भागिले तीन. म्हणजे ५९. मीन निदान ६५ ठेवायचं असतं. आता डॉक्टर नॉरअ‍ॅड्रेनलिन (शिरा आवळून बीपी वाढवणारं औषध) सुरू करायला सांगतील. सेंट्रल लाइन पडेपर्यंत थांबायची गरज नाही, थोड्या वेळासाठी हाताच्या शिरेतूनही चालतं. पण शीर कोपराजवळची किंवा त्याच्या वरची मोठी घ्या, मनगटाची नको, आणि पायाची तर नकोच.

त्या लाइनमधून दुसरं काहीही द्यायचं नाही आणि ती फ्लश करायची नाही. फ्लश केली की नळीतलं औषध एकदम जातं आणि बीपी २०० वर. सिरिंजवर औषध, डायल्यूशन, वेळ, सही. एक सिरिंज संपत आली की पुढची भरलेली तयार हवी, कारण दोन मिनिटांच्या खंडातही बीपी कोसळतं. लाइनची जागा अर्ध्या-अर्ध्या तासाला डोळ्यांनी बघा. पांढरी, गार, फुगलेली दिसली तर पंप थांबवा, कॅन्युला काढू नका, डॉक्टरांना हाक मारा आणि औषध दुसऱ्या लाइनवर न्यायची तयारी करा. याच वेळी आयसीयूत बेडची चौकशी सुरू झालेली असावी.

नॉरअ‍ॅड चालू असताना बोटाच्या थेंबावरची शुगर चुकू शकते. आकडा विचित्र वाटला तर शिरेतलं रक्त पाठवा. शुगर १८० च्या वर राहिली तर इन्सुलिन विचारलं जाईल.

नववी पायरी: यंत्रांपलीकडची सेवा

तास उलटला, आकडे जरा सावरले, की सगळे पांगतात. इथून पुढचे दोन-तीन दिवस पूर्णपणे नर्सिंगचे.

चष्मा आणि कानाचं यंत्र पिशवीतून काढून लावा. निम्मा 'गोंधळ' दिसत-ऐकू येत नसल्याने असतो. रात्री दिवे कमी, दिवसा खिडकी उघडी, घरचं एक माणूस जवळ. हात बांधू नका. बांधलेला माणूस आणखी झुंजतो. नळी ओढत असेल तर ती बँडेजखाली झाका, हातात टॉवेलची गुंडाळी द्या. झोपेचं इंजेक्शन स्वतःहून सुचवण्याआधी लघवी अडली आहे का, दुखतंय का, शौच कधी झाली ते बघा.

दर दोन तासांनी कूस बदला, टाचा गादीपासून उचललेल्या ठेवा. दात असोत नसोत, तोंड स्वच्छ करा. कॅथेटरची गरज रोज विचारा.

गुंगीतल्या पेशंटला चमच्याने भरवू नका, आणि घरच्यांनाही भरवू देऊ नका. हे सांगणं अवघड जातं. मुलगी डब्यातून वरणाचं पाणी घेऊन आलेली असते; कोणी गंगाजल आणतं, कोणी ताजबाग दर्ग्याचं तबर्रुक (प्रसाद). झिडकारू नका. कापसाचा बोळा त्यात भिजवून ओठांना लावू द्या, घशात ओतू देऊ नका. पूर्ण शुद्धीवर आल्यावर आधी सरळ बसवून एक चमचा पाणी, ठसका लागतो का ते बघायचं, मग पुढे.

दहावी पायरी: नातेवाईक

नातेवाइकांना 'सिरियस आहे' एवढंच सांगून मोकळं होऊ नका. "लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलंय, त्याने किडनी आणि मेंदूवर ताण आलाय, औषध चालू झालंय, पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत," एवढं डॉक्टरांनी बोलल्यावर सोप्या शब्दांत परत सांगितलं, तर वॉर्डातला आवाज खाली येतो. पैशांची चिंता असेल तर आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी योजनांचं काम बघणाऱ्या रुग्णालयातल्या माणसाकडे, पाठवा. महात्मा फुले योजना आहेच, शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. रुग्णालय योजनेत आहे का ते आरोग्यमित्र सांगेल. कागद जमवायला घरातल्या एकाला लावा, म्हणजे दुसरा पेशंटजवळ राहील.

फार थकलेला, आधीच अंथरुणाला खिळलेला पेशंट असेल, तर व्हेंटिलेटरपर्यंत जायचं की नाही हे बोलणं डॉक्टरांनी करायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. घरच्यांनी असा कागद दाखवला तर बाजूला ठेवू नका, केस पेपरला जोडून डॉक्टरांच्या हातात द्या. त्या बोलण्याच्या वेळी तुम्ही तिथे थांबा. नंतर प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

ओव्हर देताना आणि सुट्टीच्या वेळी

ओव्हर देताना आकड्यांचा प्रवास सांगा, शेवटचा आकडा नाही: "श्वास २६ वरून २०, मीन ५९ वरून ६८, नॉरअ‍ॅड कमी होतंय, लॅक्टेट ४.२ वरून २.६, लघवी तासाला ३५. कल्चर सकाळी पावणेदहाला गेलंय, रिपोर्टचा पाठपुरावा करायचाय." कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी येतो आणि तोपर्यंत ड्युटी बदललेल्या असतात, म्हणून ही शेवटची ओळ ओव्हरच्या वहीत लिहूनच ठेवायची.

सुट्टी होताना घरच्यांना सांगा, की अशक्तपणा आणि विसरभोळेपणा काही महिने राहू शकतो, आणि या पेशंटला पुन्हा इन्फेक्शन होऊन परत दाखल व्हावं लागण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. पहिल्या दिवसापासून आधार देऊन बसवणं, चार पावलं चालवणं सुरू ठेवायचं. कॅथेटर घरी जाणार असेल तर बदलायची तारीख कार्डावर लिहून द्या. आणि बीपीच्या गोळ्यांकडे बघा. बीपी पडलं म्हणून मेटोप्रोलॉल आणि बाकीच्या गोळ्या इथे बंद केलेल्या असतात, डिस्चार्ज कार्डावर त्यांचा उल्लेखच नसतो, आणि घरी जुनी पट्टी उशाशी पडलेलीच असते. कुठली सुरू करायची, कुठली नाही आणि कधी, हे डॉक्टरांकडून प्रत्येक गोळीपुढे लिहून घ्या आणि जो मुलगा किंवा सून औषधं देते, तिच्याकडूनच ते एकदा वाचून घ्या.